सातवीला टीईटी लागते, नववीला नाही!

कोयनानगरहून कराडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत माझी एक मैत्रीण असते. बीए इंग्लिश, मग बीएड. मध्यंतरी तिला एकाच आठवड्यात दोन निरोप आले. पहिला एका छोट्या ख्रिश्चन शाळेतून, ‘हायस्कूलला इंग्रजी शिकवायला याल का?’ दुसरा बीएडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ‘टीईटी नसेल तर आता काही खरं नाही.’ पाटण येईपर्यंत तिचा एकच प्रश्न चालू होता, ‘मग मी नेमकं करू काय?’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर बसून निकाल समजून घेतला. बीएडचा विचार तुमच्याही डोक्यात असेल तर हे प्रकरण तुमचंच आहे.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकाला टीईटी हवीच, मग तो वीस वर्षं नोकरीत का असेना. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टचं. म्हणजे सुरुवातच अल्पसंख्याक शाळांच्या प्रश्नातून झाली आणि गंमत म्हणजे तोच प्रश्न सुटायचा राहिला. २०१४ च्या ‘प्रमती’ निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवलं होतं. ते बरोबर होतं का, अशी शंका या खंडपीठानं घेतली आणि विषय मोठ्या खंडपीठाकडे पाठवायला सांगितलं. तिथला निर्णय येईपर्यंत या शाळांना सूट.

ख्रिश्चन शाळा म्हटलं की आपल्या सातारा जिल्ह्यात पटकन पाचगणी आठवते. सेंट पीटर्स, फ्रेडी मर्क्युरी, ब्लेझर घातलेली मुलं. मैत्रिणीला बोलावणारी शाळा तसली नाही. एका वर्गात जेमतेम वीस-पंचवीस पोरं, घरी मराठी, आणि इंग्रजी कानावर पडतं ते शाळेत आणि यूट्यूबवर. बहुतेक मुलं ख्रिश्चनही नाहीत, आणि यात वेगळं काही नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या अभ्यासात देशभरातल्या ख्रिश्चन शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं अल्पसंख्याक समाजाबाहेरची निघाली. मग सूट नक्की कुणासाठी, हा न्यायालयाला पडलेला प्रश्न मला तरी रास्त वाटतो. संस्था चालवायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० नं दिलाय, तो राहायलाच हवा. पण सातवीतल्या पोराला चांगला शिक्षक मिळण्याचा हक्क शाळेच्या बोर्डावर काय लिहिलंय यावरून कसा बदलेल?

आता दुसरी बाजू, जी व्हॉट्सअॅपवर कुणी सांगत नाही. आपल्याकडं हायस्कूल पाचवीपासून दहावीपर्यंत असतं आणि छोट्या शाळेत इंग्रजीला एकच शिक्षक. टीईटी आठवीपर्यंतच. म्हणजे मोठ्या खंडपीठानं उद्या सूट काढली, तर त्याच बाई सकाळी सातवीच्या तासाला अपात्र आणि जेवणाच्या सुट्टीनंतर नववीच्या तासाला पात्र!

आणि परीक्षा तरी काय तपासते? सहावी ते आठवीसाठीचा दुसरा पेपर बघा. एकूण १५० गुण. बालमानसशास्त्राला ३०, दोन भाषांना ३०-३०. उरलेले ६० गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे, दोन्हींतलं एक घ्यायचंच. खुल्या गटाला पास व्हायला ९० लागतात. इंग्रजीच्या शिक्षकाला इंग्रजीवर जास्तीत जास्त ३० गुण मिळणार, तेही पर्यायांपुढचे गोल काळे करून. बोलायचं कुठंच नाही. ज्या मुलांना ‘मे आय कम इन’च्या पुढं तोंड उघडायची भीती वाटते, त्यांना बोलतं कोण करणार हे या पेपरातून कळत नाही.

म्हणून परीक्षाच नको, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी कराड-पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मागच्या बाकावर गप्प बसणारे आपण किती जण आहोत ते तुम्हाला माहीत आहे. मी त्यातलीच. परीक्षा सगळ्या शाळांना लागू करा, पण भाषाशिक्षकाचा पेपर भाषेचा करा आणि दहा मिनिटं वर्गात उभं करून शिकवायला लावा.

पैशाचं थोडक्यात सांगते. अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवकाला २०२३ पासून १८ हजार मानधन आहे, तीन वर्षं. विनाअनुदानित शाळेत संस्था देईल ते. मैत्रिणीची शाळा विनाअनुदानित आहे. आकडा तिनं मला सांगितलाय, तो इथं छापू नको असंही सांगितलंय.

तिनं शाळेला होकार कळवला. टीईटीची पुस्तकंही आणलीत, कारण सूट कधी जाईल याचा भरवसा नाही. साठ गुणांसाठी सामाजिक शास्त्र घेतलंय. सध्या एसटीत ती माझ्याशी बोलतच नाही, मराठ्यांच्या इतिहासातल्या सनावळ्या पाठ करत बसते.