कारागिराला कौल हवा

दिवाळीपासून नाताळापर्यंतचे दिवस आपल्या व्यवसायात सुगीचे. शाळांच्या पटांगणांवर, मंगल कार्यालयांच्या आवारांत, गृहनिर्माण संस्थांच्या मोकळ्या जागांत आणि शहराबाहेरच्या खाजगी हिरवळींवर या काळात जे शनिवार-रविवारचे बाजार भरतात, आणि ज्यांना आता सर्रास ‘फ्ली मार्केट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्यांत आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण आपला माल मांडून बसलेले असतील: कुंभार, बुरूड, हातमागावर विणणारे, लाकडी खेळणी घडविणारे, घरच्या घरी साबण व मेणबत्त्या करणाऱ्या भगिनी, लोणची-पापडांचे बचत गट. या बाजारांनी कारागिराला शहरी गिऱ्हाइकाच्या समोरासमोर आणले, मधल्या दलालाला दूर सारले आणि वस्तू घडविणाऱ्याच्या हातात रोख पैसा दिला, हे उपकार आम्ही जाणतो. परंतु हे बाजार ज्या पायावर उभे आहेत त्या पायातच एक दोष शिरला आहे, आणि तो वेळीच दूर झाला नाही तर आणखी काही हंगामांनी बाजार राहील आणि कारागीर मात्र त्यातून उठून गेलेला असेल, अशी आम्हांस सार्थ भीती वाटते. हा दोष जागेच्या भाड्याचा आहे. तो नीट कळावा म्हणून आधी जुना प्रघात पाहू.

पेशवाईत पुण्याच्या कसब्याभोवती शुक्रवार, भवानी, नाना अशा नवनव्या पेठा वसल्या, तेव्हा उदमी आणि कारागीर यांना आणून बसविण्यासाठी सरकारातून कौल दिला जाई. आणि अशा कौलातील महत्त्वाचे कलम हे असे की, नव्याने येऊन घर बांधणाऱ्या व दुकान घालणाऱ्या माणसास काही ठरावीक वर्षे कराची माफी राहील, आणि ती मुदत सरल्यावर दस्तुराप्रमाणे वसुली सुरू होईल. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला मिळणारा इस्तावा याच जातीचा होता: आरंभी नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक चढता, आणि जमीन पिकती झाली म्हणजे पूर्ण दर. पेठेचे वतनदार शेटे-महाजन नव्या उदम्याची बरदास्त ठेवीत, वजनमापांवर नजर ठेवीत, तंटे तोडीत, आणि त्याबद्दल बाजारात येणाऱ्या मालावर त्यांचा लहानसा हक्क चाले. म्हणजे बाजार भरला तर त्यांचे पोट भरे, आणि बाजार ओस पडला तर त्यांनाही त्याची झळ लागे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. वेठबिगार होती, जातिभेद होता, मोहतर्फ्यासारखे कर कारागिराच्या मानगुटीवर बसलेलेच होते. तरीही पैशाची निकड नित्याची असलेल्या त्या राजवटीला एवढे व्यवहारज्ञान होते, की ज्याचा अजून जम बसलेला नाही त्याच्याकडून पहिल्याच दिवशी पूर्ण वसुली केली तर दुसऱ्या दिवशी वसुली करायला माणूसच शिल्लक राहत नाही.

आता आजचा प्रघात पाहा. संयोजक मैदान भाड्याने घेतो, त्यावर आखणी करून स्टॉल पाडतो, आणि प्रत्येक स्टॉलचे ठोक भाडे बाजार भरण्यापूर्वीच आगाऊ वसूल करतो. पाऊस आला, शेजारच्या मैदानावर त्याच दिवशी दुसरा बाजार भरला, जाहिरात नीट झाली नाही, वाहने लावण्यास जागा नसल्यामुळे माणसे परस्पर परतली, यांपैकी काहीही घडले तरी संयोजकाची रक्कम अगोदरच जमा झालेली असते आणि सारी तोशीस विक्रेत्याला सोसावी लागते. उदाहरणादाखल एका कुंभाराचा दोन दिवसांचा हिशेब मांडून पाहू. समजा विक्री 12,000 रुपयांची झाली. विकल्या गेलेल्या मालाची माती, रंग व भट्टीचे जळण मिळून 4,500 रुपये आणि वाहतूक, फूटतूट व दोन दिवसांचे जेवणखाण 2,000 रुपये धरले तर हातात उरतात 5,500 रुपये. स्टॉलचे भाडे 6,000 रुपये असेल तर हा माणूस 500 रुपये पदरचे घालून घरी जातो, आणि ज्या दोन-तीन आठवड्यांत त्याने ती भांडी चाकावर घडविली त्या श्रमांची मजुरी शून्य ठरते. याच विक्रीवर संयोजकाने दहावा हिस्सा घेतला असता तर 1,200 रुपये देऊन कुंभाराजवळ 4,300 रुपये राहिले असते. दोन्ही प्रसंगी माल तोच, गिऱ्हाईक तेच आणि मैदानही तेच. फरक पडतो तो जोखीम कोणी उचलायची या एका प्रश्नाच्या उत्तराने.

याहून गंभीर परिणाम हळूहळू घडतो आणि म्हणूनच तो सहसा ध्यानात येत नाही. घाऊक बाजारातून कुडते, दागिने किंवा शोभेच्या वस्तू खरेदी करून आणणारा व्यापारी ठोक भाडे सहज सोसू शकतो. कारण त्याचा माल संपला तर तो एका दिवसात पुन्हा भरता येतो, आणि पगारी माणसे ठेवून एकाच रविवारी तीन मैदानांवर बसणेही त्याला शक्य असते. कारागिराला हे दोन्ही मार्ग बंद आहेत. त्याचा माल म्हणजे त्याच्या दोन हातांचे तास, आणि ते तास वाढविता येत नाहीत. स्टॉलवर बसला तर चाक थांबते आणि चाकावर बसला तर स्टॉल रिकामा राहतो. त्यामुळे ठोक भाड्याचा दर जसजसा चढतो तसतसा कारागीर गळत जातो आणि त्याची जागा फेरविक्रेता घेतो, आणि हे कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय, निव्वळ अंकगणिताच्या जोरावर घडते. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या लक्षात येते की प्रत्येक मैदानावर तेच कानातले आणि त्याच पिशव्या आहेत, आणि ते येईनासे होते. फेरविक्री हाही प्रामाणिक धंदा आहे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु ‘स्वहस्ते केलेल्या वस्तूंचा बाजार’ अशी जाहिरात करून गिऱ्हाईक जमवायचे आणि आत मात्र घाऊक माल मांडू द्यायचा, हा त्या गिऱ्हाइकाशी केलेला अप्रामाणिकपणा होय.

गोव्यात बारदेश तालुक्यात, एकमेकांपासून दहा किलोमीटरांच्या आत, दोन बाजार आहेत. आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने ते एकदा तरी डोळसपणे पाहावेत. हणजुणे येथे किनाऱ्यालगत बुधवारी भरणारा बाजार 1970 च्या दशकात तेथे येऊन राहिलेल्या परदेशी भटक्यांनी सुरू केला. जवळच्या वस्तू विकाव्यात, अदलाबदल करावी, मुक्काम लांबविण्यापुरता पैसा उभा करावा, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. आज तेथे काश्मिरी शाली, राजस्थानी कापड, तिबेटी धाटणीचे दागिने, लमाणी बायकांचे भरतकाम असा दूरदूरचा माल येतो, पर्यटकांची झुंबड उडते आणि पावसाळा लागला की तो बाजार उठतो. त्याची रंगत कोणी नाकारणार नाही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र तालुक्याच्या पोटातून आलेला आहे. भोवतालच्या गावांतील बायका टोपलीभर नारळ, सोले, मिरची, घरची भाजी आणि रोपे घेऊन येतात. चोरिसांच्या माळा, पाव, मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या यांच्या रांगा लागतात. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी सुरू झाली की चालायला वाट उरत नाही. येथे बसणारी बाई दिवसापुरता सोपो, म्हणजे बसण्याच्या जागेची पट्टी, भरते, आणि टोपलीभर माल घेऊन आलेल्या माणसालाही टेकायला जागा मिळते. हणजुण्याच्या बाजाराला पर्यटकांचा हंगाम लागतो. म्हापशाला फक्त शुक्रवार लागतो, आणि वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला तो असतो.

सातत्याचा हा मुद्दा संयोजकांनी विशेष मनावर घ्यावा. मोठ्या वार्षिक जत्रांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचे ‘महालक्ष्मी सरस’ यांनी खेड्यांतील बचत गटांच्या भगिनींना शहराची ओळख करून दिली. पण वर्षातून एकदा येणाऱ्या उधाणावर घर चालत नाही. लहान असला तरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, न चुकता भरणारा बाजार कारागिराला महिन्याचा अंदाज देतो, आणि गिऱ्हाइकाला मागच्या वेळी घेतलेल्या तव्याची तक्रार घेऊन येण्याची जागा देतो.

म्हणून आमची संयोजकांकडे मागणी अशी आहे, की स्वतः वस्तू घडविणाऱ्या नव्या विक्रेत्याला पहिल्या तीन बाजारांपर्यंत भाड्याची संपूर्ण माफी असावी. त्यानंतर वर्षभर विक्रीच्या दहाव्या भागापेक्षा अधिक वसुली नसावी. आणि त्याचा जम बसल्यावर ठोक भाडे की हिस्सा, यांतून निवड करण्याचा हक्क त्याचा असावा. यावर आक्षेप येईल की मांडव, वीज, राखण आणि स्वच्छतागृहे यांचा खर्च कोठून काढावा. तो मुख्यतः फेरविक्रेते, खाद्यपदार्थांचे मोठे स्टॉल आणि जाहिरातदार यांच्याकडून काढावा. कारण बाजाराला जी गर्दी लोटते ती कारागिरांच्या नावावर, आणि त्या गर्दीचा लाभ या मंडळींना पुरेपूर मिळतो. दुसरा आक्षेप, विक्रेता खरी विक्री सांगेल याची खातरजमा काय, असा येईल. आज बहुतेक देवघेव भ्रमणध्वनीवरून होते आणि तिची नोंद आपोआप राहते. शिवाय दर आठवड्याला त्याच बाजारात परत यावयाचे आहे ही जाणीव माणसाला पुष्कळच सरळ ठेवते.

कायद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्याबाबत आपल्या व्यवसायात गैरसमज फार आहेत. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने शहरांतील विक्रेत्याला विक्रीचे प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधित्व आणि हटविण्यापूर्वी 30 दिवसांच्या नोटिशीचा हक्क दिला. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करण्याचे बंधन घातले. आणि 50 वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व परिशिष्टात नमूद केले. परंतु हा अधिनियम नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या नागरी संस्थांपुरता आहे. ग्रामपंचायतीच्या आठवडी बाजारात, जेथे वसुलीचा मक्ता लिलावाने दिला जातो आणि मक्तेदार बोट दाखवील ती रक्कम मोजावी लागते, तेथे त्याचा आधार मिळत नाही. आणि हिरवळीवरच्या बाजारात तुमचे नाते संयोजकाशी असलेल्या कराराचे आहे. तो करार तोंडी असेल तर बाजार रद्द झाल्यावर भाडे परत मागण्यास तुमच्या हाती काहीच कागद नसतो.

यासाठी कारागीर बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे, की पैसे भरण्यापूर्वी लेखी कबुलायत मागा. बाजार रद्द झाल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, एकाच प्रकारच्या मालाचे किती स्टॉल राहतील, फेरविक्रेत्याच्या स्टॉलवर तशी पाटी असेल की नाही, हे तिच्यात स्पष्ट असू द्या. एकट्याने मागितल्यास ‘तुम्ही नाही तर दुसरा’ असे उत्तर मिळेल. दहा जणांनी मिळून मागितल्यास ते देता येणार नाही. आपल्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. एखादा रविवार मंदीचा गेला म्हणून पुढच्या रविवारी जागा रिकामी ठेवू नये; किंमत ठरविताना स्वतःचे तास धरल्यावाचून राहू नये; आणि शेजाऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी आपलीच मजुरी कापून दर पाडू नये. खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींनी अन्नसुरक्षेची नोंदणी अवश्य करून घ्यावी. छोट्या उत्पादकाला केवळ नोंदणी पुरते, तिच्यासाठी मोठ्या परवान्याची यातायात लागत नाही.

अशा कबुलायतीचा एक मसुदा आम्ही पुढील अंकात छापणार आहोत. वाचकांनी आपापल्या बाजारात प्रत्यक्ष भरलेले भाडे, झालेली विक्री आणि संयोजकाने घातलेल्या अटी आम्हांस कळवाव्यात, म्हणजे मसुद्यातील कलमे अनुभवाच्या आधारावर ठरविता येतील. आणि ज्या संयोजकांना हिस्सेपद्धती मान्य आहे त्यांनीही आपल्या अटी पाठवाव्यात, त्यांच्या बाजारांची यादी आम्ही या मासिकात विनामूल्य प्रसिद्ध करू.