गाढीचें खोरें आणि बंदीचा हुकूम

पावसाळा लागला, कीं गाढेश्वर धरणाच्या परिसरांत पर्यटकांस मज्जाव करणारा हुकूम निघावयाचा, हा परिपाठ पनवेलकरांच्या अंगवळणीं पडला आहे. कोणी बुडाला म्हणजे हुकूम कडक होतो. पाऊस सरला म्हणजे विसरला जातो. आमच्या परिचयाचे कांहीं सुविद्य गृहस्थ तर म्हणतात, कीं हें खोरें बारा महिने बंदच ठेवावें. माणूस तेथून हलला, कीं रान वांचेल. हें मत आम्हांस सपशेल अमान्य आहे.

सुकापुराहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या रविवारीं सकाळीं उभें राहावें, म्हणजे रोग कोठें आहे तें दिसतें. मोटार थेट पाण्याच्या कांठापर्यंत जाते. तिच्याबरोबर गाणें, बाटल्या आणि कागदी ताटल्या जातात. परत येतें तें गाणें तेवढें! ज्याला दोन कोस चालावयाचें असतें, तो ओझें मोजून घेतो.

याचा दाखला शोधावयास फार दूर जावयास नको. गाढी ज्या डोंगरांतून उतरते, त्याच्याच माथ्यावर माथेरान आहे. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तेथें चढले. तेव्हांपासून आजवर माणसांची रीघ थांबलेली नाहीं. तरीही जांभळीचें जुनें रान उभें आहे, कारण पर्यटकाची मोटार दस्तुरी नाक्यापाशीं अडते. (अलीकडे न्यायालयाच्या अनुमतीनें विजेच्या रिक्षा आल्या आहेत, हें खरें.) २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तो हें रान शिल्लक होतें म्हणूनच. अमेरिकेंत व्हर्जिन नदीच्या झायन दरींतही २००० सालापासून हंगामांत खासगी मोटारी बंद आहेत. लोक उद्यानाच्या बसनें किंवा पायीं जातात. दरीचें दार कोणीं लावून घेतलें नाहीं.

गांवकऱ्यांची रोजी बुडेल, असा आक्षेप येईल. पण मोटारींतला माणूस शिधा शहरांतून आणतो. पायीं चालणारा धोदाणीच्या एखाद्या ठाकरवाडींत भाकरी मागतो, वाटाड्या घेतो. आणि माथ्यावर पाऊस कोसळला म्हणजे ओढा किती वेळांत चढतो, हें तो वाटाड्या सांगूं शकतो. सरकारी पाटीला तें साधत नाहीं.

तेव्हां पर्यटकांच्या मोटारी नेऱ्यापाशींच थांबवाव्या, वृद्धांकरितां एस. टी. चालवावी, आणि बंदीचा हुकूम पुराच्या दिवसांपुरता ठेवावा. या सूचनेस पहिला विरोध वाडींतून नव्हे, आमच्याच पांढरपेशा वर्गांतून होईल, अशी आमची अटकळ आहे.