नोलनला नेमके कोणी 'शोधले'? एका महोत्सवाचा इतिहास आणि एक सोयीस्कर दंतकथा

१/ स्लॅमडान्स या अमेरिकी चित्रपट महोत्सवाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'याच महोत्सवाने ख्रिस्तोफर नोलनला शोधले.' वाक्य आकर्षक आहे, पण इतिहास म्हणून ते टिकत नाही. शिवाय नव्या दिग्दर्शकांसाठी महोत्सव कशाला हवेत, याविषयी ते आपली दिशाभूल करते. म्हणून हा थ्रेड.

२/ आधी तारखा पाहू. नोलनचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग'. खर्च सुमारे ६,००० डॉलर. कलाकार आणि तंत्रज्ञ आपापल्या नोकऱ्या सांभाळून शनिवारी जमत. असे चित्रीकरण जवळपास वर्षभर चालले. १९९८ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात दाखवला गेला. स्लॅमडान्समध्ये तो पोहोचला जानेवारी १९९९ मध्ये, आणि त्याच वर्षी रॉटरडॅमला त्याने टायगर पुरस्कारही मिळवला.

३/ म्हणजे शोधाचे श्रेय घ्यायला तीन शहरे रांगेत उभी आहेत. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चीही तीच कथा. हा चित्रपट २००८ मध्ये स्लॅमडान्सला आला, पण त्याआधी २००७ मध्येच तो लॉस एंजेलिसच्या एका भयपट महोत्सवात दाखवून झाला होता. 'शोधले' हे क्रियापद महोत्सवांच्या जाहिरातीला शोभते. इतिहासाच्या अभ्यासकाने ते इतक्या सहज वापरू नये.

४/ मग स्लॅमडान्सचे महत्त्व कशात आहे? त्यासाठी मागे जाऊ. १९७८ मध्ये युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे एक महोत्सव सुरू झाला. १९८१ मध्ये तो जवळच्या पार्क सिटी या बर्फाळ गावात गेला. त्याच वर्षी अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांनी सनडान्स इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९८५ मध्ये या संस्थेने महोत्सव हाती घेतला आणि १९९१ पासून तो सनडान्स या नावाने ओळखला जाऊ लागला.

५/ १९८९ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गचा 'सेक्स, लाइज अँड व्हिडिओटेप' इथे प्रेक्षकपसंतीचा मानकरी ठरला आणि काही महिन्यांतच त्याने कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. सुमारे १२ लाख डॉलरच्या चित्रपटाने अमेरिकेतच दोन कोटींहून अधिक डॉलर कमावले. वितरकांचे लक्ष या बर्फाळ गावाकडे वळले. पाठोपाठ दलाल आले आणि सौदे आले.

६/ प्रवेशिका वाढल्या, पडदे मात्र तेवढेच राहिले. नाकारल्या जाणाऱ्यांची संख्या वाढणे हा साधा हिशेब होता. त्यात सनडान्सला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये अशाच काही नाकारलेल्या दिग्दर्शकांनी त्याच गावात, त्याच दिवसांत आपला वेगळा महोत्सव भरवला. डॅन मर्विश, जॉन फिट्झगेराल्ड, शेन कून आणि पीटर बॅक्स्टर ही त्यांतली प्रमुख नावे.

७/ इथे दुसरी दंतकथा जन्मते: 'नाकारलेल्यांचे बंड'. बंडाची गोष्ट तरुण मनाला लगेच भिडते. पण नाकारले जाणे ही स्वतःच काही गुणवत्ता नव्हे. आणि निव्वळ बंडावर संस्था उभी राहत नाही. याचा उत्तम दाखला चित्रपटाच्याही आधीचा आहे, चित्रकलेच्या इतिहासातला.

८/ पॅरिस, १८६३. सरकारमान्य प्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरले, तेही सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्याच आज्ञेने! एदुआर माने त्यामुळे गाजला. पण त्या प्रदर्शनातून कायमची संस्था घडली नाही. ती घडली १८८४ मध्ये, जेव्हा स्वतंत्र चित्रकारांच्या संघाने एक नियम घालून दिला: परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत. बंड ओसरले. नियम टिकला आणि त्याच्या आधाराने संस्थाही टिकली.

९/ माझा मुद्दा हाच. स्लॅमडान्स टिकला तो त्याच्या नियमामुळे. कथात्म चित्रपटांच्या मुख्य स्पर्धेसाठी अटी अशा: दिग्दर्शकाचा पूर्ण लांबीचा पहिलाच चित्रपट हवा, खर्च १० लाख डॉलरपेक्षा कमी हवा आणि अमेरिकेतील वितरण आधीच ठरलेले नसावे. निवडीचे काम पाहतात ते पूर्वी याच महोत्सवात चित्रपट दाखवलेले दिग्दर्शक.

१०/ या अटींचा अर्थ नीट पाहा. ज्याच्यामागे मोठे नाव आहे, मोठा पैसा आहे किंवा तयार वितरक आहे, तो त्या स्पर्धेत बसतच नाही. गुणवंत ओळखण्याचा दावा कोणीही करू शकतो. कोणासाठी दार बंद ठेवायचे हे आधी जाहीर करणे मात्र अवघड असते, कारण त्यात प्रसिद्धीवर पाणी सोडावे लागते.

११/ 'पण प्रवेशशुल्क तर तेही घेतात!' हो, घेतात. स्लॅमडान्स म्हणजे संतांची मांदियाळी नव्हे. २००७ मध्ये त्यांच्या व्हिडिओ गेम स्पर्धेसाठी निवडलेला, कोलंबाइन शाळेतील गोळीबारावरचा खेळ आयोजकांनी ऐनवेळी वगळला. निषेध म्हणून इतर अनेक स्पर्धकांनी आपले खेळ मागे घेतले आणि एका विद्यापीठाने प्रायोजकत्व काढून घेतले.

१२/ हा प्रसंग गौरवलेखांत सहसा नसतो, पण तो असायला हवा. स्वतः नाकारले गेल्याची आठवण सांगणारी संस्थाही प्रसंगी नाकारणारी होते. अशा वेळी तिला जाब विचारता येतो, कारण तिने आपला नियम आधीच जाहीर केलेला असतो. ज्याने कसलाच नियम सांगितला नाही, त्याला कशाच्या आधारे जाब विचारणार?

१३/ आता 'शोधले' या शब्दाचा खरा तोटा. २००४ मध्ये शॉन बेकर आणि शिह-चिंग त्सू यांचा 'टेक आउट' स्लॅमडान्समध्ये दाखवला गेला. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या, कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या एका चिनी स्थलांतरिताची ही कथा. चित्रपटगृहांत यायला तिला २००८ उजाडले. बेकरचा 'अनोरा' ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो २०२५ मध्ये.

१४/ मधली २१ वर्षे कुठल्या खात्यात मांडायची? यशाच्या यादीत ती दिसत नाहीत. शेवट माहीत असताना सुरुवात लिहिली की प्रत्येक पायरी अटळ वाटू लागते, आणि जे मध्येच थांबले ते इतिहासातून गळून पडतात. सुरुवातीच्या दिग्दर्शकांसाठी असलेला महोत्सव मुळात त्या गळणाऱ्यांसाठीही असतो. त्यांचा चित्रपट एकदा तरी अनोळखी प्रेक्षकांसमोर लागला, हे लहान काम नाही.

१५/ आपल्या घरचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले. हा त्यांचा पूर्ण लांबीचा पहिलाच चित्रपट. आपण अभिमानाने बातमी पुढे पाठवली आणि ते योग्यच केले.

१६/ पण परदेशी चित्रपटांसाठी ही स्पर्धा सनडान्सने २००५ मध्ये सुरू केली. त्याआधी मराठी चित्रपट कितीही उत्तम असता, तरी या पारितोषिकासाठी त्याचा विचारच झाला नसता. पारितोषिकाच्या २० वर्षे आधी कुणीतरी नियमावलीत एक विभाग वाढवला होता. चित्रपटाची गुणवत्ता कानवडे यांची. दाराचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तोही लिहिला गेला पाहिजे.

१७/ स्लॅमडान्सने २०२५ मध्ये पार्क सिटी सोडून लॉस एंजेलिस गाठले. सनडान्सही २०२७ पासून कोलोरॅडोतील बोल्डरला जाणार आहे. म्हणजे ज्या गावावरून ही सारी दंतकथा रचली, ते गावच कथेतून वजा होते आहे. नियम राहिले तर महोत्सव राहतील. नियम गेले तर फक्त पाहुण्यांची छायाचित्रे उरतील.

१८/ म्हणून एक विनंती. आपल्या शहरात नवोदितांचा महोत्सव भरत असेल तर पाहुण्यांची यादी बाजूला ठेवून नियमावली वाचा. पहिल्या चित्रपटासाठी राखीव जागा आहे का? निवड कोण करते, आणि त्यांची नावे जाहीर आहेत का? शुल्क भरणाऱ्या किती जणांचे चित्रपट प्रत्यक्ष दाखवले जातात? पारितोषिक न मिळालेल्या चित्रपटाला चांगली वेळ आणि बरा पडदा मिळतो का? जे सापडेल ते इथे प्रतिसादात लिहा. तेवढीच नोंद पुढे अभ्यासाला उपयोगी पडेल.