सांधा स्वस्त, शुश्रूषा महाग

गुडघा बदलला की दुखणे संपले, हा समज जाहिरातींनी रुजविला आहे. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे खडतर असतात. या वेदनेवर भांडवलशाहीचा सोपा तोडगा म्हणजे अफूच्या जातीची गोळी. अमेरिकेत १९९६ साली पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे डॉक्टरांच्या मनावर बिंबविले. २००७ मध्ये तिच्या संलग्न कंपनीने व २०२० मध्ये खुद्द तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती.

नस बधिर करणारे इंजेक्शन, ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, मूत्रपिंड व जठराची स्थिती पाहून दिलेले सूजनाशक औषध, बर्फाचा शेक आणि रोजचा व्यायाम यांच्या मेळाने बहुतेक रुग्णांना अशा गोळ्या फारच कमी लागतात. काहींना मुळीच लागत नाहीत. ज्याला त्या खरोखर हव्यात त्याला नाकारणे हाही अन्यायच. परंतु या मेळासाठी परिचारिका लागते, फिजिओथेरपिस्ट लागतो. गोळीवर नफा मिळतो; माणसाला वेतन द्यावे लागते. खरी मेख येथेच आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे योग्यच झाले. पण सांधा स्वस्त करून शुश्रूषा बाजारावर सोडणे हा अर्धाच न्याय होय. भातलावणीत गुडघे झिजविलेल्या शेतमजूर स्त्रीला पुन्हा चालते कोण करणार? प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे कायम पद हवे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. वेदनामुक्ती हा श्रमिकाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे!