संशय आणि पुरावा

बँकेत मी खातेनिहाय चौकशा पाहिल्या : आधी आरोपपत्र, मग खुलासा, शेवटी निर्णय. बुद्धिबळातही हाच क्रम हवा. २००६ मध्ये दिल्लीत टोपीत ब्लूटूथ सापडलेल्या खेळाडूवर अखिल भारतीय महासंघाने १० वर्षांची बंदी घातली. तिथे वस्तूच हाती लागली होती. २०२२ मध्ये जगज्जेत्या कार्लसनने नीमनवर संशय घेऊन स्पर्धा सोडली. पटावरच्या फसवणुकीचा पुरावा फिडेला मिळाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनलाच १०,००० युरो दंड झाला. न्याय झाला, पण पंधरा महिन्यांनी! आमच्या वाशिमात एखाद्या पोरावर असा संशय आला, तर तोवर त्याने पटच गुंडाळलेला असेल. म्हणून तक्रार लेखी घ्या, निकालापर्यंत नाव झाका आणि निकाल लवकर द्या.