सरोवराकाठची सुटी

अमेरिकेच्या मेन राज्यात, सेबॅगो सरोवराच्या काठी, ल्यूथर व शार्लट गुलिक या दांपत्याने १९०७ साली मुलींसाठी ‘वोहेलो’ हे उन्हाळी शिबिर सुरू केले. ‘वर्क’, ‘हेल्थ’ व ‘लव्ह’ या शब्दांची आरंभीची अक्षरे जुळवून हे नाव घडले. त्यात श्रमाला अग्रस्थान मिळाले, हे लक्षणीय होय.

अशा शिबिरांत घरी नोकरचाकर असलेली मुलगीही स्वतःचे अंथरूण आवरते, पाळीने केर काढते, ताटे मांडते. पोहायला शिकते, नाव वल्हवते. वारा उलटा फिरला तर वल्हे तिलाच मारावे लागते. आत्मविश्वास येतो तो अशा अनुभवातून, उपदेशातून नव्हे.

मात्र कष्टांतच संस्कार असतात, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. आपल्याकडे असंख्य मुली सुटीतही भांडी घासतात, धाकटी भावंडे सांभाळतात. त्याला कोणी शिबिर म्हणत नाही. शिबिरात काम सर्वांचे असते आणि ते आटोपल्यावर सरोवर मुलींचे असते. घरात काम तिचे एकटीचे असते आणि ते आटोपत नाही.

निवासी शिबिराचे शुल्क सर्वांना परवडणारे नाही. परंतु कामाची पाळी लावायला शुल्क पडत नाही. त्या पाळीत भावाचेही नाव घातले, तर सरोवरावाचूनही मुलीची सुटी तिची होईल.