१२० तासांचा हिशेब

जून-जुलै आला की वस्तीत कॉलेजच्या फॉर्मांची धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पासबुक, एक कागद मिळाला तर दुसरा सापडत नाही. या गडबडीत 'राष्ट्रीय सेवा योजना' अशी एक चौकट असते. मुले तिला एनएसएस म्हणतात. मुलगी तिथे खूण करते आणि घरात वाद उभा राहतो. चार घरची धुणीभांडी करून आलेली आई म्हणते, "घरी काय काम कमी आहे, म्हणून गावाचं करायला निघालीस?" सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले वडील म्हणतात, "सात दिवस परगावी राहायचं, आणि करायचं काय, तर गाव झाडायचं! त्यासाठी शिकवतोय का तुला?"

वडिलांचे हे वाक्य आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 'सेवा' हा शब्द आपल्या कानाला वेगळा लागतो. आपल्या आजा-पणजांनी गावाची जी सेवा केली, तिला मजुरी नव्हती, नाही म्हणण्याची सोय नव्हती. मेलेली गुरे ओढणे, सांगावे पोचवणे, चावडी झाडणे हे सगळे वतनाच्या नावाखाली चालले. ते वतन कायद्याने संपवायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्याच्या बापाने तो झाडू टाकून शहराची वाट धरली, त्याला मुलीच्या हातात झाडू आणि समोर फोटोवाला पाहून कसेसे झाले तर दोष कोणाला द्यायचा?

पण बंधूंनो, आधी ही योजना काय आहे ते नीट पाहू. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातल्या ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे, दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर करायचे, असा तिचा मूळ नियम. १२० तासांची विभागणीही ठरलेली आहे. २० तास माहिती व प्रशिक्षणाचे, ३० तास कॉलेजच्या आवारातल्या कामाचे आणि ७० तास बाहेर लोकांमध्ये. आम्ही पडलो कारकून माणसे, आकडे आधी पाहतो. या आकड्यांत झाडण्याला किती तास द्यायचे हे कुठेही लिहिलेले नाही. ते ठरवतात कार्यक्रम अधिकारी असलेले प्राध्यापक आणि स्वतः विद्यार्थी. म्हणजे तिथे बोलायला जागा आहे.

योजनेचे ब्रीद 'मी नाही, तर तू' अशा अर्थाचे आहे. चांगले आहे. मात्र आमच्या पोरींना 'मी नाही' हे शिकवायला ब्रीद लागत नाही. ते त्या जन्मापासून शिकतात. त्यांना शिकवायचे तर 'मीसुद्धा' हे शिकवावे लागते.

एका कॉलेजच्या शिबिराची गोष्ट आम्हाला आपल्याच वस्तीतल्या मुलींनी सांगितली. पहिल्या दिवशी गट पाडले. सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत, अहवाल लिहिणे एका गटाकडे. भांडी आणि संडास-सफाई दुसऱ्या गटाकडे. कोणी जात विचारली नव्हती, तरी दुसऱ्या गटात आपल्या आणि आदिवासी मुलीच जास्त निघाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी यातली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, काम कोणतंही करू, पण पाळी लावा." मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी फळ्यावर तक्ता काढला, सगळ्यांची सगळी कामे फिरती केली. समारोपाचे भाषण त्याच मुलीने केले.

या तक्त्यात सगळे आले. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला तो स्वतःच्या मर्जीने, आणि तो घेऊन ते आधी सगळ्या गावालाच कामाला लावत. झाडू पाळीने सगळ्यांच्या हाती फिरत असेल तर त्यात लाज नाही. तो एकाच हातात राहू लागला की समजावे, जुने वतन नवा युनिफॉर्म घालून आले आहे.

सेवेतून मुली काय उभे करू शकतात याची एक दूरची हकीकत सांगतो. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या संघटना असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. नावे ग्रीक अक्षरांची, आणि अनेक कॉलेजांत शाखा. गोऱ्या मुलींच्या अशा मंडळांत काळ्या मुलींना जागा नव्हती, म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये काळ्या विद्यार्थिनींनी 'अल्फा कप्पा अल्फा' ही आपली संघटना काढली. पुढे १९१३ च्या जानेवारीत २२ जणींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' काढली, आणि दोनच महिन्यांत त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोठ्या मोर्चात चालल्या. काळ्या स्त्रियांनी मागे चालावे असा आग्रह तिथेही धरला गेला होता. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला पोचले.

१९३५ च्या उन्हाळ्यात अल्फा कप्पा अल्फाच्या भगिनी मिसिसिपी राज्यात गेल्या. डॉ. डोरोथी फेरेबी या त्यांच्या प्रमुख. कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या कुटुंबांतल्या मुलांना लस टोचण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात, तेव्हा या बायांनी दवाखानाच मोटारीत घातला आणि मळ्यावर नेला. असे त्यांनी पुढे कित्येक उन्हाळे केले. यात शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, सुटी खर्ची घालून आलेल्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना याच संघटनेत आल्या होत्या.

आपल्या नाशिकच्या मुलींचे वर्ष कसे जाते? पावसाळ्यात झाडे लावायची (ती जगवायची कोणी, हा प्रश्न दरवर्षी उरतोच). गणेश विसर्जनाला गोदाकाठी उभे राहून निर्माल्य नदीत जाऊ न देता गोळा करायचे. कोणाची श्रद्धा काय हा तिथे विषय नाही, पाणी सगळ्यांचे आहे. २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. २०१४ पासून आपल्या विद्यापीठालाच सावित्रीबाईंचे नाव आहे, तेव्हा त्या दिवशी भाषण आपल्या मुलीने मागून घ्यावे. २५ जानेवारीला मतदार दिन. अठरा पूर्ण झालेल्यांची नावे यादीत घालण्याचे काम या मुली करतात. ते त्यांनी आपल्या गल्लीतही करावे, कारण यादीत नाव नसल्याची ओरड मतदानाच्या दिवशीच ऐकू येते.

आणि मग हिवाळ्यातले शिबिर. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत पाऊस धो धो पडतो आणि मार्चनंतर बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात. तिथे मुली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओहोळावर रचतात. त्याला वनराई बंधारा म्हणतात. खर्च जवळजवळ नाही, पाणी अडते, गुरांची आणि थोड्या भाजीपाल्याची सोय होते. दुपारी घरोघर पाहणी. पाड्यावरची बाई पुरुष माणसाशी जे बोलत नाही ते वहीपेन घेऊन आलेल्या मुलीशी बोलते, आणि आपल्यापेक्षाही अडचणीत जगणारे लोक आहेत हे मुलीला पुस्तकाशिवाय कळते. परत आलेली मुलगी आईशी वेगळ्या आवाजात बोलू लागते, हे आम्ही पाहिले आहे.

पालकांनी काही गोष्टी मात्र विचारूनच घ्याव्यात. मुक्कामाला महिला प्राध्यापिका आहेत का? झोपण्याची जागा, संडास, दाराला कडी? कामाची पाळी कशी लावणार? हे विचारल्याने मुलीचे नाव कोणी कापत नाही. मुलीला सांगावे की कामाची दैनंदिनी त्याच दिवशी भरायची आणि सही घ्यायची. वर्षअखेर तास भरत नाहीत म्हणून प्रमाणपत्र हुकलेले आम्ही पाहिले आहेत. या कामाला जादा गुण किंवा श्रेयांक मिळतात, त्याचे नियम बदलत असतात, तेव्हा कॉलेजच्या कार्यालयातच चौकशी करावी.

शिबिरासाठी पालकांचे संमतिपत्र लागते. वडील रात्रपाळीला असतील किंवा रुसून बसले असतील, तर आईने सही करावी. तीही पालकाचीच सही.